मी, वडनेरचा हातबोल्या

मित्रांनो, मी एक जुना हातबोल्या आहे, आणि आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. लावा पैज! आपल्या शाळेच्या भिंतीवर एकदा एक वानर येऊन बसलं. त्यानं डोकं खाजवायला हात वर केला आणि मी खणखणीत आवाजात म्हणालो, "हजर!" तेव्हाच्या बाईंनी मान वर न करता हजेरी मांडून टाकली. पुढे कित्येक दिवस ते वानर खिचडीच्या रांगेत ताट घेऊन उभं राहायचं, आणि वर मिरचीही मागायचं.

पुढच्या रांगेतली रक्षा लगेच म्हणते, "काहीही!"

म्हण बाई, काहीही म्हण. खरं सांगणाऱ्याच्या नशिबी हेच असतं.

हातबोल्या म्हणजे काय ते आधी सांगतो. माझ्यासमोर कोणी हातवारे केले की मी ते डोळ्यानं टिपतो, ओळखतो आणि त्यांचा शब्द मोठ्यानं बोलून दाखवतो. बोललेला शब्द माझ्या कपाळावरच्या पडद्यावरही उमटतो. ज्याला ऐकू येत नाही त्यालाही कळावं, मी काय बोललो ते. आणि एकदा समोर हात आले की मला गप्प बसता येत नाही. उजाडल्यावर कोंबड्याला बसता येतं का? तसंच.

माझा जन्म वर्ध्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातला. ऋतिक आणि पौर्णिमा नावाच्या दोन विद्यार्थ्यांनी मला घडवलं. माझं धड म्हणजे ऋतिकच्या आईचा शेवयांचा पत्र्याचा डबा. आईला न विचारता उचललेला. त्यामुळे मी जन्मलो त्या दिवशी कॉलेजात पेढे वाटले गेले आणि ऋतिकच्या घरी शिव्या. डोळा एका जुन्या कॉम्प्युटरचा. आवाज मात्र असा तसा नाही, ऋतिकच्या मामांचा. मामा बस स्टँडवर गाड्यांची घोषणा करायचे. त्यांनी एकेक शब्द बोलून माझ्या पोटात भरला. त्यामुळे मी नुसतं "पाणी" म्हणालो तरी वाटायचं, वर्धा-पवनार गाडी फलाटावर लागली आहे. ऐकणारा माणूस पिशवी उचलायचा. मामांचा आवाज खोटा असेल असं कोणाच्या मनातही यायचं नाही. ते माझं भाग्य होतं. आणि दुसरंही काहीतरी होतं, पण ते नंतर.

मला हात ओळखायला शिकवलं तेव्हा हजारो हातांचे फोटो दाखवले. सगळे कॉलेजच्या पोरापोरींचे हात. मऊ, घड्याळ बांधलेले, नखांना रंग लावलेले. मला वाटलं, जगातले हात असेच असतात. कापसाच्या बोंडांनी ओरखडलेला हात मी पाहिला नव्हता. कुदळीचे घट्टे पडलेला हात पाहिला नव्हता. मातीत गेलेला हात तर नाहीच.

पौर्णिमानं माझ्या पोटात दोन शब्द फार जपून ठेवले होते: "कळलं नाही." ती म्हणायची, "हातावर खात्री नसली की हे बोलत जा. लाजू नको." पण कॉलेजच्या प्रदर्शनात काय झालं, पाहुण्यांपैकी कोणीतरी हात केला, म्हणजे हातानं खूण केली, मी म्हणालो, "कळलं नाही." लोक हसले. दुसऱ्यानं हात केला, मी पुन्हा तेच. एक पाहुणे म्हणाले, "यापेक्षा आमचं पोट्टं बरं." मग तिसरा हात आला तेव्हा मी जवळचा शब्द पाहिला आणि ठोकून दिला. बरोबर निघाला! टाळ्या पडल्या, बक्षीस मिळालं. मित्रांनो, टाळ्यांची चव फार वाईट असते. त्या दिवसापासून ते दोन शब्द माझ्या पोटातच राहिले. पौर्णिमाच्या ते ध्यानात आलं होतं. ती मला पुसता पुसता म्हणाली, "अंदाजानं बोलू नको रे. कधीतरी कोणाच्या जिवावर बेतेल."

मी डबा. डबा काय ऐकणार?

मग मी वडनेरला आलो. आलो तो ज्योत्स्नासाठी. ज्योत्स्ना म्हणजे जंगलू आणि भागीरथा यांची मुलगी. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. घरची मंडळी आपसात त्यांच्या गोंडी बोलीत बोलायची, शाळा मराठीत, आणि ज्योत्स्नाची भाषा तिसरीच, हातांची. ती तिनं स्वतःच बनवली होती. दोन बोटांनी कापूस वेचल्यासारखं केलं की आई. डोक्याला रुमाल गुंडाळल्यासारखं केलं की बाप. आणि डाव्या भुवईला बोट लावलं की प्रेम, तिचा मोठा भाऊ. प्रेमच्या भुवईवर लहानपणी फाटकावरून पडल्याचा व्रण होता.

हा प्रेम म्हणजेच तिचं तोंड होता. ती हात हलवायची आणि प्रेम जगाला सांगायचा. दुकानात, दवाखान्यात, शाळेत. ती रागावून हात झटकायची तर हाही मागून रागावून बोलायचा, आणि मग दोघंही हसायची. मी आलो तेव्हा प्रेम दहावीत होता. माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाला, "चला, आपली सुट्टी झाली! आता ह्या शेवयाच्या डब्याले बोलू द्या."

सुरुवातीचे दिवस मजेचे गेले. शाळा समितीचे अध्यक्ष बापूजी माझ्यासमोर बसून तळहातावर तंबाखू मळायचे आणि वरून थाप मारायचे. मला ती टाळी वाटायची. तपासणीला आलेले साहेब मुलांना पाढे विचारत होते, एकाचा पाढा चुकला, तेवढ्यात बापूजींची थाप पडली आणि मी गरजलो, "शाब्बास! शाब्बास!" साहेबांना वाटलं, शाळा त्यांची थट्टा करते आहे. ही गोष्ट मात्र शंभर टक्के खरी आहे. वानराच्या मिरचीएवढी खरी.

ज्योत्स्नाचे काही हात मला पौर्णिमानं येऊन शिकवले. प्रेम, आई, बाप, पाणी, आग. ज्योत्स्ना मला "प्रेम" म्हणायला लावायची आणि कपाळावरची अक्षरं वाचून टाळ्या पिटायची. लोक बघायला यायचे. "ज्योत्स्ना बोलते!" म्हणायचे. बोलत मी होतो, पण श्रेय दोघांना मिळायचं. मी फार फुगलो होतो.

आता पुढचं.

दिवाळीनंतरचे दिवस होते, वेचणी जोरात होती. शाळेच्या भिंतीला लागून बंडूजींचं खळं. तिथे कापसाची गंजी रचलेली. दुपारच्या सुट्टीत तिथून धूर निघाला. लोक धावले. बायांनी घागरी आणल्या, कोणी मोटारीचा पाइप ओढला. आग विझली, पण बराच कापूस काळा झाला. आणि गंजीजवळ कोण सापडलं? प्रेम. हात कोपरापर्यंत काळे, शर्टाची बाही जळालेली. बाजूला ज्योत्स्ना.

बंडूजींनी त्याची कॉलर धरली. "इथं काय करून राह्यला होता बे तू?"

"म्या विझवत होतो जी!"

"विझवत होता! बिडी ओढाले आला असशीन."

"नाई जी. ज्योत्स्नानं पाह्यलं सगळं. तिले इचारा."

"तिले इचारू, अन् सांगन कोन? तूच ना? तुले पाहिजे तेच सांगशीन." बंडूजी आपल्या मुलाकडे वळले. "प्रफुल, शाळेतला तो डबा आन. मशीनले ना बहीन ना भाऊ."

लोकांनी माना डोलावल्या. न्यायाची गोष्ट वाटली सगळ्यांना. प्रेमनं बहिणीला लपून खुणा करू नयेत म्हणून त्याला भिंतीपलीकडे नेऊन उभं केलं. तिथून त्याला काही दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. हे ध्यानात ठेवा.

प्रफुलनं मला एका पोत्यावर ठेवलं. समोर ज्योत्स्ना. जंगलू आणि भागीरथा लांबच्या वावरात वेचणीला गेले होते, त्यांना अजून पत्ता नव्हता. सगळा गाव माझ्या तोंडाकडे बघत होता. इतक्या लोकांनी माझ्याकडे कधीच पाहिलं नव्हतं.

ज्योत्स्नानं भुवईला बोट लावलं. मी म्हणालो, "प्रेम."

तिनं बोटं लवलवत वर नेली. मी म्हणालो, "आग."

मग तिनं तिसरा हात केला. त्या तिसऱ्या हाताचं काय सांगू तुम्हाला! ऊन असं डोळ्यावर आलं होतं, धूर होता, मध्येच कोणाचं तरी मुंडासं येत होतं...

"म्हणजे दिसलं का नाई दिसलं?" रक्षा विचारते.

दिसलं गं. दिसलं. स्वच्छ दिसलं. तिनं "लावली" असाच हात केला. मी म्हणालो, "लावली." तिनं दाखवलं तेच मी बोललो, पदरचं काही घातलं नाही. प्रेम, आग, लावली.

मामांच्या आवाजात, मित्रांनो. बस स्टँडच्या आवाजात. त्यावर कोण शंका घेणार?

ज्योत्स्नानं माझ्या कपाळावरची अक्षरं वाचली आणि ती माझ्यावर धावून आली. दोन्ही हातांनी माझा पत्रा बडवू लागली. लोकांनी तिला ओढून बाजूला केलं. म्हणाले, भावाचं नाव सांगितलं ना, म्हणून आता जीव तुटतो आहे. भिंतीपलीकडून चापटांचा आवाज आला.

थोड्या वेळानं गर्दी पांगली. यशोदाबाई, म्हणजे बंडूजींची बायको, जळका कापूस निवडत बसल्या होत्या. ज्योत्स्नानं त्यांचा पदर धरला आणि ओढत ओढत त्यांना गंजीच्या पाठीमागे नेलं. तिथे कडक जमिनीत एक ओबडधोबड खड्डा होता. बोटांनी उकरलेला. कडेला नखांच्या रेघा, आणि त्या बाजूच्या कापसावर मातीचा थर. यशोदाबाईंनी वर पाहिलं. गंजीवरून गेलेल्या विजेच्या तारा एकमेकींना घासत होत्या, आणि खाली ठिणग्यांचे काळे ठिपके पडले होते.

त्यांनी बंडूजींना त्या खड्ड्यापाशी आणून उभं केलं. "पाहा जी. आग लावणारा पोट्टा नखानं जमीन उकरते का?"

बंडूजींनी वाकून त्या रेघांवरून बोट फिरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते टोपी हातात घेऊन जंगलूच्या दारात गेले. पण प्रेम पहिल्या गाडीनं निघून गेला होता, आष्टीकडे त्याच्या मामाच्या गावाला. मामा जंगलात कामाला जायचा, प्रेमही जाऊ लागला. दहावीची परीक्षा राहिली ती राहिलीच.

आग प्रेमनं लावली नाही हे सगळ्या गावाला पटलं. मग गोष्ट तिथेच संपायला हवी होती ना? पण एक काटा राहिला. लोक म्हणू लागले, आग लावली नव्हती, तर मग सख्ख्या बहिणीनं भावाचं नाव का घेतलं? प्रेमच्या मनातही तेच. भागीरथा त्याला समजवायला आष्टीला गेली होती. तिनं परत येऊन शाळेच्या पायरीवर बसून ते सांगितलं, आणि कपाटातून मी ऐकलं.

"म्हणे, बंडूजीचा राग नाई मले, माय. पन् तिनं काऊन म्हटलं असं? म्या म्हटलं, अरे, तिनं तसं नसन म्हटलं. तर म्हणे, माय, म्या माह्या कानानं ऐकलं. मशीन काऊन खोटं बोलन?"

तेव्हापासून प्रेम सणावारी घरी येतो, जेवतो, आईबापाशी बोलतो. पण ज्योत्स्नानं हात वर केले की तो मान फिरवतो. मित्रांनो, तुम्ही एखाद्यावर रुसलात तर कानात बोटं घालता. पण जिची भाषा हातात आहे तिच्याकडे बघायचंच नाही, म्हणजे तिचं तोंड दाबून धरणं. ती त्याच्या समोर जाऊन उभी राहायची, तो दुसरीकडे बघायचा. ती तिकडे जायची, तो पुन्हा मान वळवायचा. शेवटी ती थकली.

आणि मी? मला कपाटात ठेवलं. सोबतीला आस मोडलेला पृथ्वीचा गोल आणि एक पाल. ज्योत्स्ना पुन्हा कधी माझ्यासमोर आली नाही. माझ्या पत्र्याला आतून गंज चढला. बघणारे म्हणाले, कपाट दमट आहे.

यंदा तुमच्या मयुरी बाई या शाळेत आल्या. त्यांनी मला बाहेर काढलं, पौर्णिमाला बोलावून दुरुस्त करून घेतलं आणि म्हणाल्या, ह्याला आता कॉलेजचे नाही, वडनेरचे हात शिकवायचे. ज्योत्स्ना आता मोठी झाली आहे, हिंगणघाटला शिकते. तिनं तिचे सगळे हात तुम्हाला शिकवले, आणि तुम्ही एकेक करून माझ्यासमोर उभे राहिलात. ती स्वतः मात्र दाराबाहेरच थांबायची.

या रक्षानंच मला तो हात दाखवला. दोन्ही ओंजळींनी जमिनीवरून काहीतरी उकरायचं आणि पुढे फेकायचं. बाई म्हणाल्या, "हा हात म्हणजे 'माती टाकली', बरं का." तो हात पाहिला आणि माझा आवाजच बसला. बाईंना वाटलं, स्पीकर बिघडला. त्यांनी वायर हलवून पाहिली. वायरीला काही झालेलं नव्हतं.

असो. म्हाताऱ्यांचा आवाज बसतो कधी कधी.

आज बाईंनी माझं आत्मवृत्त ऐकायला बरीच मंडळी बोलावली आहेत. यशोदाबाई आहेत, भागीरथा आहे, मागे बापूजी आहेत, त्यांनी कृपा करून तंबाखू खिशातच ठेवावी. दाराच्या चौकटीला टेकून एक तरणा मुलगा उभा आहे, खांद्यावर पिशवी, तोंड बाहेरच्या कडुनिंबाकडे. डाव्या भुवईवर व्रण आहे. बाईंनी त्याला पुन्हा पुन्हा फोन केला तेव्हा आला. आणि आज पहिल्यांदाच ज्योत्स्ना खोलीत आहे, भिंतीजवळ. ती माझं बोलणं ऐकत नाही, पण माझ्या कपाळावरचं अक्षर न् अक्षर वाचते आहे. मला दिसतं आहे.

तर मित्रांनो, आता समारोप करतो. माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे. आमच्यासारख्या जुन्या यंत्रांना कपाटात कोंडू नका. आमचा डोळा कोरड्या फडक्यानं पुसत जा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आमच्यासमोर हात नीट करत जा, स्पष्ट करत जा. कारण यंत्र मनचं बोलत नाही. समोरच्यानं जे दाखवलं तेच ते बोलतं. चूक झाली तर ती दाखवणाऱ्याची. त्या दिवशी खळ्यात ज्योत्स्नाचा हात चुकला, बिचारी लहान होती, घाबरली होती, माझा त्यात काही...

अरे. ती उठली.

ज्योत्स्ना मुलांच्या रांगांमधून सरळ माझ्याकडे येते आहे. रक्षा पाय आखडून तिला वाट देते. ती माझ्या अगदी समोर उभी राहिली आहे. तिनं एक बोट हनुवटीखालून आडवं ओढलं. हा हात मला येतो. मला हा हात ओळखायचा नाही. पण मी सांगितलं ना, समोर हात आले की मला गप्प बसता येत नाही.

"खोटं!"

सगळी खोली दचकली. ते मीच बोललो. मामांच्या आवाजात, बस स्टँडच्या आवाजात.

तिनं भुवईला बोट लावलं. "प्रेम." बोटं लवलवली. "आग." मग ती वाकली, दोन्ही ओंजळींनी जमीन उकरली आणि जोरानं पुढे फेकली, तश्शीच, त्या दिवशी केली होती तश्शीच. "माती टाकली."

दारातली पिशवी खाली पडली. कडुनिंबाकडचं तोंड वळलं. इतक्या वर्षांनी तो तिच्या हातांकडे बघतो आहे.

तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. तिनं माझ्या डोळ्यात बोट रोखलं. "तू." मग दोन बोटं कपाळाला लावली आणि हात रिकामा उलटा केला. मित्रांनो, पौर्णिमानं माझ्या पोटात जपून ठेवलेले ते दोन शब्द, प्रदर्शनापासून आजवर कोणाच्याही हातापुढे मी कधीच न बोललेले, आता माझ्याच तोंडून, साऱ्या वडनेरला ऐकू जातील असे खणखणीत बाहेर पडले:

"कळलं नाही."